सत्तेचाळीस खडे

सकाळचे साडेआठ वाजले होते आणि लाकडाच्या जुन्या वखारीत दीडशे माणसं आपापली चाळण हातात धरून रांगेत उभी होती. चहाची गाळणी नव्हे. चांगली ताटाएवढी, निळ्या काठाची, प्लास्टिकची चाळण. वखारीच्या मागे चौदा संडास एका ओळीत बांधले होते. एकेक जण आत जायचा, बराच वेळ नळाचा आवाज यायचा, आणि मग दार उघडून तो असा बाहेर यायचा की जणू वर्गात पहिला आलाय. चाळणीत हिरवट, गुळगुळीत, वाटाण्यापासून द्राक्षापर्यंत सगळ्या मापांचे खडे.

“किती?” मंचावरून खडेबाबा विचारत.

“एकवीस!”

“एकवीस! आणि सुरी किती ठिकाणी लागली?”

“कुठेच नाही!” दीडशे गळे ओरडत.

खडेबाबा म्हणजे पांढरा सदरा, पांढरी दाढी आणि असा मऊ आवाज की नुसतं ऐकून पोट हलकं झाल्यासारखं वाटावं. “पित्ताशय म्हणजे काय? पिशवी. पिशवीत खडे झाले तर शहाणा माणूस काय करील? पिशवी उलटी करून झटकेल. आणि डॉक्टर काय करतो? पिशवीच कापून टाकतो! अरे बाबा, घरात उंदीर झाले म्हणून घर पाडतोस का?”

वखार हसून हसून लोळायची. ज्यांना हसताना बरगडीखाली कळ यायची तेही पोट धरून हसायचे.

त्या सकाळी सगळ्यात शेवटी बाहेर आला तो साठीचा, ओल्या केसांचा नीट भांग पाडलेला एक गृहस्थ. चाळण त्याने तान्हं मूल धरावं तशी दोन्ही हातांनी धरली होती.

“किती?”

“सत्तेचाळीस,” गृहस्थ म्हणाला. मग गंभीर चेहऱ्याने पुढे म्हणाला, “दोनदा मोजले.”

वखार दणाणली. तो उच्चांक होता.

हे गृहस्थ म्हणजे तपासनीस. साबणाच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी मालाची तपासणी केली होती. निवृत्त झाल्यावर काम गेलं, पण नाव राहिलं. आळीतली पोरंटोरं, दूधवाला, आणि रागावली की बायकोसुद्धा त्यांना तपासनीसच म्हणायची. कारखान्यात त्यांचा दरारा होता. पुढ्यात आलेली वडी अंगठ्याने दाबायची, नखाने कुरतडायची, कोमट पाण्यात चोळून फेस बघायचा, आणि क्षार जास्त झालाय का ते कळायला जिभेचं टोक लावायचं. त्यांच्या जिभेने नापास केलेला माल परत कढईत जायचा. ‘आपल्याला कोणी फसवू शकत नाही’ असं त्यांना मनापासून वाटे आणि ते बोलूनही दाखवत. ही हकिगत ते आता स्वतःच सांगतात आणि सांगताना स्वतःला कुठेही सांभाळून घेत नाहीत. म्हणून इथेही कोणी तसं करणार नाही.

सुरुवात झाली ती एका पोटदुखीने. तळलेलं भरपेट खाल्लं की तासाभरात उजव्या बरगडीखाली कळ उठायची, वर चढायची आणि पाठीत, खांद्याच्या फऱ्याशी जाऊन बसायची. दोन-तीन तास माणूस लोळायचा, ओकायचा, आणि मग कळ आली तशी निघून जायची. सोनोग्राफी झाली. पित्ताशयात तीन खडे. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं, “काका, चार छोटी भोकं पाडून पिशवी काढू. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी.”

“हो, हो, करूच,” तपासनीस म्हणाले. घरी येऊन त्यांनी कारणं शोधायला घेतली. उन्हाळा आहे. मग पावसाळा आहे. मग, भिंतीला रंग द्यायचाय. खरं कारण एवढंच होतं की त्यांची टरकली होती. पण एकतीस वर्षं दुसऱ्यांना नापास करणारा माणूस ‘मला भीती वाटते’ असं कसं म्हणणार? तो म्हणतो, “शस्त्रक्रियेला माझा तात्त्विक विरोध आहे.”

“तात्त्विक!” बायको म्हणाली. “इंजेक्शन घेताना माझा हात दाबून दाबून काळानिळा केलात, तेव्हा कुठं होतं तुमचं तत्त्व?”

अशा माणसाला खडेबाबा सापडायचेच होते. उपाय सोपा होता. सात दिवस तेल-तूप बंद, नुसतं उकडलेलं खायचं. आठव्या दिवशी दुपारी वखारीत जायचं, वाटीभर तेल, सहा लिंबांचा रस आणि बाबांचं शुद्धिचूर्ण एका दमात प्यायचं आणि उजव्या कुशीवर पडून राहायचं. सकाळी खडे हजर. अट एकच, नंतर सोनोग्राफी करायची नाही. “शंका आली की खडा परत धरतो,” बाबा बोट उचलून सांगत.

साबणाच्या एका वडीवर तपासनीसांनी कधी एवढा विश्वास टाकला नव्हता. कारखान्यातल्या साऱ्या मालावर शंका घेणारा माणूस इथे मान डोलवत बसला.

सत्तेचाळीस खडे त्यांनी धुऊन, सावलीत वाळवून, काचेच्या बरणीत भरले. बरणी स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवली.

“ती घाण तिथून काढा,” बायको म्हणाली.

“घाण? अगं, हे माझ्या पोटातले खडे आहेत.”

“म्हणूनच म्हणतेय.”

बरणी बैठकीच्या खोलीत आली. पाहुणे आले की चहाच्या आधी बरणी यायची. तीन खडे दिसले होते मग सत्तेचाळीस निघाले कसे, असा प्रश्न एकदा शेजारच्या शिंप्याने विचारला. तपासनीस दयाळूपणे हसले. “यंत्राला सगळं दिसतं होय?” शिंप्याने मान डोलावून चहा उचलला. आणि खरंच, दुखणं थांबलं होतं! महिनाभर एकही कळ नाही. तपासनीस उकडलेलंच खात होते, हा त्यांना कधी महत्त्वाचा मुद्दा वाटला नाही.

आता ते दर रविवारी वखारीत मंचावर बसू लागले. बाबा त्यांची ओळख करून देत, “हे बघा आमचे सत्तेचाळीस! शास्त्र जाणणारा माणूस आहे हा, कारखान्यात रसायनं हाताळलेला!” तपासनीस उभे राहून नमस्कार करत. पुढे त्यांनी एक छोटं भाषणही बसवलं. त्यात ‘मी स्वतः चिकित्सक वृत्तीचा असूनही’ हे वाक्य तीनदा येई.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पुढचं नाही.

तपासनीसांची थोरली बहीण, अक्का, दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची. गुडघे दुखत म्हणून दोन वर्षं रोज वेदनाशामक गोळ्या खायची, बऱ्याचदा उपाशीपोटी. गेले काही दिवस तिला जिना चढताना धाप लागत होती, उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी येत होती. एका संध्याकाळी तिने भावाला संकोचत सांगितलं, “बाळ, कसं सांगू, शौचाला काळं होतंय रे. डांबरासारखं. चिकट. आणि वास तर विचारू नकोस. डॉक्टरकडे जाऊ का?”

अक्काने आयुष्यात पहिल्यांदा भावाचा सल्ला विचारला होता. तपासनीसांची छाती फुगली. “डॉक्टर कशाला? रविवारी माझ्याबरोबर चल.”

खडेबाबांनी ऐकलं, डोळे मिटले, उघडले. “अभिनंदन, माय. काळा म्हणजे जुना मळ. चाळीस वर्षांचा साठा सुटायला लागलाय. अडवू नका.” आणि चूर्णाच्या चार पुड्या दिल्या.

अक्का परत येताना म्हणाली, “पण बाळ, मला फार गळून गेल्यासारखं वाटतं.”

“मळ निघतोय ना,” तपासनीस म्हणाले. “माझंही तसंच झालं होतं.” तसं काही झालं नव्हतं. पण भाषणाची सवय लागली की जिभेला हाड राहत नाही.

पुढच्या रविवारी अक्का वखारीत पहिल्या रांगेत बसली होती. मंचावर तपासनीस रंगात आले होते. “मी स्वतः चिकित्सक वृत्तीचा असूनही,” ते दुसऱ्यांदा म्हणाले, आणि त्यांना दिसलं की अक्काचा चेहरा कागदासारखा पांढरा पडलाय. ती उठायला गेली, खुर्चीची पाठ धरली, आणि खुर्चीसकट खाली कोसळली.

बाबा मंचावरून म्हणाले, “घाबरू नका! मळ एकदम सुटला की असं होतं. पाणी शिंपडा!”

तपासनीसांनी मंचावरून उडी मारली. अक्काचा हात थंडगार आणि ओला होता, नाडी पाखरासारखी फडफडत होती. तिच्या ओठांना रंगच नव्हता. त्या क्षणी त्यांना बरणी आठवली नाही, उच्चांक आठवला नाही. लहानपणी आपल्याला पाठीवर घेऊन पळणारी बहीण तेवढी आठवली. “रिक्षा!” ते ओरडले. “अरे, कोणीतरी रिक्षा आणा!”

इस्पितळात त्याच डॉक्टरीणबाई होत्या. अक्काला आत नेलं, रक्त चढवलं, तोंडातून दुर्बीण घातली. दोन तासांनी बाई बाहेर आल्या.

“जठरात व्रण आहे, त्यातून रक्त वाहत होतं. आता थांबवलंय. वाचल्या. अजून एखादा दिवस काढला असता तर सांगता आलं नसतं.” त्या बाकावर बसल्या. “काळं कधीपासून होत होतं?”

“बारा-तेरा दिवस,” तपासनीस म्हणाले.

“पोटात वरच्या भागात रक्त सांडलं की पचनरसाने ते काळं पडतं. डांबरासारखं काळं म्हणजे सरळ इस्पितळ, हे आम्ही घसा कोरडा करून सांगतो. तो मळ आहे, चांगलं लक्षण आहे, असं यांना सांगितलं कोणी?”

तपासनीसांनी शाळेतल्या पोरासारखा हळूच हात वर केला.

डॉक्टरीणबाई रागावणार होत्या, पण त्या एकदम पुढे झुकल्या. “काका, जरा खिडकीकडे तोंड करा. तुमचे डोळे कधीपासून पिवळे आहेत?”

“उजेडामुळे वाटत असेल.”

“लघवी?”

“कोऱ्या चहासारखी,” बायको बाजूने म्हणाली. ती मघाशीच धावत आली होती. “आणि आठ दिवस सारखे अंग खाजवतायत. विचारलं तर म्हणतात, नवीन बनियन आहे.”

“काका, तुमचा खडा पित्ताच्या नळीत उतरलेला दिसतोय. पित्त अडलंय.”

“अशक्य,” तपासनीस म्हणाले. बहीण आत मरता मरता वाचली होती, तरी माणसाचा ताठा बघा. “माझे सगळे खडे पडलेत. सत्तेचाळीस. घरी बरणीत आहेत.”

“आणा पाहू,” बाई शांतपणे म्हणाल्या.

बायकोने बरणी आणली. पिशवीतून, तीही दोन बोटांत धरून. डॉक्टरीणबाईंनी ती उजेडात फिरवून पाहिली आणि विचारलं, “तुम्ही काय काम करत होता, काका?”

“साबणाच्या कारखान्यात. मालाची तपासणी.”

बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. हसू असावं, पण त्यांनी ते आवरलं. “मग मी कशाला सांगू? तुम्हीच तपासा. ते बेसिन. गरम पाण्याचा नळ डावीकडे.”

तपासनीसांनी एक खडा घेतला. सवयीने अंगठ्याखाली दाबला. खडा दगडासारखा कडकडला नाही; दबला. नखाने कुरतडला, साल निघाली. कोमट पाण्याखाली तो तळव्यावर चोळला. खडा बुळबुळला, चपटा झाला, आणि बोटांमधून पांढरा, बारीक, ओळखीचा फेस आला.

त्यांनी फेस दोन बोटांत चोळून पाहिला.

“मऊ साबण,” तपासनीस शेवटी पुटपुटले. “क्षार कमी. तेल पुरतं फुटलेलं नाही. हलका माल.”

जिभेचं टोक लावायची चाचणी त्यांनी केली नाही. तेवढी अक्कल शिल्लक होती.

मग सगळं त्यांना धडाधड कळत गेलं, कारण ते त्यांना एकतीस वर्षं ठाऊक होतं. तेल फोडलं की त्यातून तेलाचं आम्ल सुटतं. त्याला क्षार मिळाला की साबण. कारखान्यात ते कढईत होतं, इथे पोटात झालं. तेल फोडायला पाचकरस होते, क्षार बाबांच्या चूर्णात होता, हिरवा रंग पित्ताने दिला, आणि आतड्याच्या वळणांनी गोळ्या वळल्या. जेवढं तेल प्याल तेवढे खडे. उच्चांक त्यांचा झाला, कारण त्यांनी हावरटासारखी वाटी दोनदा भरून घेतली होती.

“म्हणजे,” बायको सावकाश म्हणाली, “एकतीस वर्षं साबण तपासला, आणि घरचा साबण ओळखू आला नाही.”

“पण मग कळ कशी थांबली होती?” तपासनीसांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं. तो त्यांचा शेवटचा खांब होता.

“पित्ताशयाची कळ येते-जाते. खडा तोंडाशी अडकला की येते, मागे घसरला की जाते. त्यात तुम्ही तेल-तूप बंद केलं होतं. पथ्य तुम्ही पाळलं, टाळ्या दुसऱ्याने घेतल्या.”

सोनोग्राफी झाली. पित्ताशयात दोन खडे, नळीत एक. एकूण तीन. जेवढे पहिल्या दिवशी होते तेवढेच. आधी दुर्बिणीने नळीतला काढला, मग चार भोकांतून पिशवी. भूल देण्याआधी तपासनीसांनी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, “बाई, मला फार भीती वाटते.” तात्त्विक वगैरे काही नाही. “वाटणारच,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा हात धरून राहिल्या.

तीन आठवड्यांनी, एका रविवारी, तपासनीस वखारीत गेले. सोबत बायको, बायकोच्या हातात पिशवी. बाबांनी त्यांना लांबूनच पाहिलं आणि आवाज चढवला, “बघा, आले आपले सत्तेचाळीस! अक्कांचा मळही सुटला! या, वर या!”

तपासनीस वर गेले. मंचावरच्या टेबलावर त्यांनी एक काचेचं भांडं ठेवलं.

“मी स्वतः चिकित्सक वृत्तीचा आहे असं मी इथे फार वेळा बोललो,” ते म्हणाले. “ते खोटं होतं. मी भित्रा आहे. सुरीला घाबरलो, आणि घाबरलेल्या माणसाला जे ऐकायचं असतं ते इथे ऐकायला मिळालं. आता बघा.”

त्यांनी भांड्यात कारखान्यातून आणलेलं तेलाचं आम्ल ओतलं. “हे तेलच आहे. फोडलेलं. हे काम तुमचं पोट आपोआप करतं.” मग लिंबाचा रस. मग बाबांच्याच चूर्णाची एक उरलेली पुडी, पाण्यात कालवून. “आणि हा हिरवा रंग मी घालतोय, कारण माझ्याकडे पित्त नाही. म्हणजे आहे, पण देणार नाही.” लोक हसले. त्यांनी चमच्याने ढवळलं. भांड्यात गुठळ्या जमू लागल्या. वाटाण्याएवढ्या, मग द्राक्षाएवढ्या. चाळणीवर ओतल्यावर तिथे वीस-बावीस हिरवट खडे चमकत होते.

मागच्या रांगांतले लोक खुर्च्यांवरून उठून बघू लागले.

“या भांड्याला पित्ताशय नाही,” तपासनीस म्हणाले. “तरी त्याला खडे पडले.” मग एक खडा उचलून त्यांनी बायकोने पुढे केलेल्या कोमट पाण्यात हात धुतले. फेस कोपरापर्यंत आला.

बाबा हसले, पण आवाजातला मऊपणा गेला होता. “हे बाहेरचं झालं! आतलं वेगळं असतं. हा शास्त्राचा अहंकार आहे!”

“मग अहंकार नको, सोनोग्राफी करू,” तपासनीस म्हणाले. “इथल्या कोणा पाचजणांची, उपायाआधी आणि उपायानंतर. खडे कमी झाले तर मी जन्मभर तुमच्या चाळणी धुतो.”

बाबांनी घड्याळ पाहिलं. त्यांना एकाएकी ध्यानाची वेळ आठवली आणि ते मागच्या दाराने निघून गेले. तिथे चौदा संडास होते. नेमके कुठे गेले ते कोणी पाहिलं नाही.

सगळे लगेच शहाणे झाले असं नाही. दोघे-तिघे शिव्या देत उठले. एक बाई रडवेल्या आवाजात म्हणाली, “पण मला बरं वाटलं होतं हो!”

“मलाही वाटलं होतं,” तपासनीस म्हणाले. “बरं वाटणं आणि बरं होणं यातला फरक न कळल्यामुळे माझी बहीण जवळजवळ गेली. ऐका, मी डॉक्टर नाही. पण एवढं शिकलोय. शौचाला डांबरासारखं काळं किंवा लाल होत असेल, डोळे पिवळे पडले असतील, कारण नसताना वजन उतरत असेल, कळ पुन्हा पुन्हा येत असेल, तर ते शरीर काहीतरी सांगतंय. त्याचा अर्थ लावायला तपासण्या आहेत. जो कोणी म्हणतो ‘तपासू नका’, त्याच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी आहे. खरं असेल त्याला तपासणीची भीती कशाला? वडी चांगली असली की ती कोणाच्याही अंगठ्याखाली टिकते.”

लोक पांगले. तपासनीस भांडं पुसत होते, तेवढ्यात खांबाआडून एक माणूस पुढे आला. किराणा दुकानात पोती उचलणारा हमाल. शर्ट अंगावर दोन माप मोठा झाल्यासारखा लोंबत होता.

“साहेब,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “दोन महिने झाले, घास इथं अडकतो.” त्याने छातीच्या मधोमध बोट ठेवलं. “आधी भाकरी अडकायची, आता भातही अडकतो. बाबा म्हणाले, गळ्यात खडा आलाय, चूर्णाने उतरेल. तुम्हाला काय वाटतं?”

तपासनीसांच्या जिभेवर उत्तर तयार होतं. उत्तरं त्यांच्या जिभेवर नेहमीच तयार असत. त्यांनी ते गिळलं.

“मला काय वाटतं याला काडीची किंमत नाही,” ते म्हणाले. “ज्यांना कळतं त्यांना विचारू. चल.”

“आत्ता?”

“आत्ता. मीही येतो. मला तिथली रांग माहीत आहे, आणि भीती वाटली तर काय बोलायचं तेही.”

बायकोने पिशवी खांद्याला लावली. तिघं वखारीतून बाहेर पडली आणि इस्पितळाच्या रस्त्याला लागली, हमाल मध्ये, तपासनीस एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला बायको, त्याला विचारत, “वजन किती उतरलं म्हणालास? नीट आठवून सांग. तिथं विचारतील.”